गढीखालचा समुद्र: सेंट डोनॅट्सचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

गावाकडची पडकी गढी किंवा वाडा वाट्याला आलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "इथे मुलांसाठी निवासी साहस केंद्र काढलं तर चालेल का?" त्यामागचा हिशोब सरळ असतो. भिंती आयत्या, देखावा आयता, आता खाटा टाकायच्या आणि दोर बांधायचे. वेल्समधल्या सेंट डोनॅट्स इथे १९६२ मध्ये जवळपास असंच झालं. मध्ययुगीन वास्तूत सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलांचं अटलांटिक कॉलेज नावाचं निवासी विद्यालय सुरू झालं आणि अभ्यासाइतकंच वजन समुद्रावरच्या, कड्यावरच्या कामाला दिलं गेलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिथे जे उभं राहिलं त्यात भिंतींचा वाटा थोडा होता. खरा वाटा भिंतींखालच्या अवघड समुद्राचा, आणि त्या समुद्राचं काय करायचं याबद्दल सुरुवातीच्या काही वर्षांत घेतलेल्या निर्णयांचा.

सार्वजनिक नोंदीतल्या व्यक्तींचीच नावं दिली आहेत. विद्यार्थी आणि कर्मचारी निनावी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

'कॅसल' या शब्दाला आपण सर्रास किल्ला म्हणतो, पण राजगड-तोरण्याची सवय झालेल्या डोळ्याला सेंट डोनॅट्स किल्ला वाटणार नाही. ही गढी आहे. तटबंदी, आत चौक, चौकाभोवती राहती दालनं आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच घराणं. दक्षिण वेल्सच्या ग्लॅमॉर्गन किनाऱ्यावर, कार्डिफच्या पश्चिमेला, ब्रिस्टल चॅनलच्या अगदी काठावर ती उभी आहे. बांधकामाचा जुना गाभा बाराव्या-तेराव्या शतकातला. तेराव्या शतकाच्या अखेरीस लग्नसंबंधातून गढी स्ट्रॅडलिंग घराण्याकडे आली आणि १७३८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. सोळाव्या शतकातले सर एडवर्ड स्ट्रॅडलिंग पुस्तकांचे शौकीन होते. १५९२ मध्ये छापल्या गेलेल्या वेल्श भाषेच्या व्याकरणाचा खर्च त्यांनी उचलला होता. शेवटचे स्ट्रॅडलिंग फ्रान्समधल्या माँपेलिए इथे द्वंद्वयुद्धात मारले गेले. वंश खुंटला, वारसाहक्काची भांडणं झाली, गढी ढासळत गेली. पुढे १८६२ मध्ये एका मालकानं आणि १९०१ मध्ये दुसऱ्यानं ती विकत घेऊन दुरुस्त केली.

१९२५ मध्ये ती विल्यम रँडॉल्फ हर्स्टनं घेतली. अमेरिकेतल्या वृत्तपत्रसाखळीचा हा मालक. एका नियतकालिकातली छायाचित्रं पाहून त्यानं खरेदी ठरवली आणि गढीत पहिलं पाऊल टाकलं ते तीन वर्षांनी, १९२८ मध्ये. मधल्या काळात आणि नंतरही सर चार्ल्स ॲलम या वास्तुरचनाकारामार्फत काम धडाक्यात चालू होतं. वीज आली, संगमरवरी न्हाणीघरं तीसच्या वर झाली, पोहण्याचा तलाव झाला. जुनं हवं म्हणून हर्स्टनं जुनं विकतही घेतलं. लिंकनशायरमधल्या बॉस्टनच्या चर्चचं लाकडी छत आणून गढीच्या एका दालनावर चढवलं. विल्टशायरमधला ब्रॅडेनस्टोकचा मठ तर त्यानं मोडूनच घेतला. मठातल्या सभागृहाचं छत सेंट डोनॅट्सला आलं आणि त्यासाठी नवा 'ब्रॅडेनस्टोक हॉल' बांधला गेला. मठाचं धान्यकोठार पेट्यांत भरून कॅलिफोर्नियाला रवाना झालं. जुन्या वास्तूंचं रक्षण करणाऱ्या संस्थेनं जाहीर विरोध केला, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. उपयोग झाला नाही.

एवढं करून हर्स्ट या गढीत एकूण राहिला किती? सगळ्या भेटी मिळून साधारण चार महिने.

समस्या

१९३७ च्या सुमारास हर्स्टचं आर्थिक साम्राज्य डगमगलं आणि सेंट डोनॅट्स विक्रीला निघालं. गिऱ्हाईक मिळेना. मग दुसरं महायुद्ध आलं आणि गढी लष्कराच्या वापरात गेली. हर्स्ट १९५१ मध्ये वारला, तरी ती विकायचीच होती.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये अशा मोठ्या घरांचं काय होत होतं हे लक्षात घेतलं पाहिजे. वारसा कर जबर होता, नोकरचाकर मिळत नव्हते, छताच्या दुरुस्तीला पैसा नव्हता. १९५० च्या दशकात शेकडो घरं सरळ पाडली गेली. दगड, शिसं, लाकूड विकून जे येईल ते घ्यायचं, जमीन मोकळी करायची. सेंट डोनॅट्स तर अधिकच अडचणीचं. जुनी वास्तू, वर हर्स्टनं वाढवून ठेवलेला पसारा, आणि खारा वारा बारा महिने भिंतींना लागलेला. शिवाय हर्स्टची भर चोखंदळ इतिहासकारांच्या लेखी बाटगी होती. इथला दगड, तिथलं छत, तिसरीकडची शेकोटी.

दुसऱ्या बाजूला एका माणसाला जागा हवी होती. कुर्ट हान हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू शिक्षक. १९२० मध्ये त्यानं दक्षिण जर्मनीत, जालेमच्या मठाचा राजवाडा झालेल्या इमारतीत शाळा काढली. १९३२ मध्ये आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून त्यानं बजावलं की हिटलर की जालेम, एक निवडा. १९३३ मध्ये अटक झाली, सुटका झाल्यावर ब्रिटनला जावं लागलं. स्कॉटलंडमध्ये त्यानं गॉर्डनस्टन शाळा उभारली. १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साथीनं 'आउटवर्ड बाउंड' सुरू केलं. तरुण खलाशांना समुद्रात तग धरायला शिकवणारं हे निवासी केंद्र. आज जगभर जी निवासी साहस केंद्रं दिसतात त्यांतल्या बऱ्याच जणांची नाळ ॲबरडोव्हीशी जुळते.

१९५५ मध्ये हान पॅरिसच्या नाटो डिफेन्स कॉलेजात गेला. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी तिथे एका वर्गात बसून एकत्र काम करत होते. तिथले प्रमुख होते एअर मार्शल सर लॉरन्स डार्व्हल. दोघांच्या मनात एकच विचार आला: हे चाळिशीतल्या अधिकाऱ्यांना जमतं, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का जमू नये? वेगवेगळ्या देशांतली मुलं दोन वर्षं एकत्र राहतील, शिकतील आणि एकत्र काही जोखमीचं काम करतील. कल्पना तयार होती. छप्पर नव्हतं.

समोर असलेले पर्याय

गढीपुढचे मार्ग त्या काळच्या रिवाजानुसार चार: हॉटेल, रुग्णालय किंवा सरकारी संस्था, शाळा, नाही तर हातोडा. हॉटेलसाठी जागा आडवळणाची. रुग्णालयासाठी जिने अरुंद आणि दालनं गैरसोयीची.

हानच्या गटापुढे नवी इमारत बांधण्याचा मार्ग होताच. तो स्वस्त पडला असता का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते तेव्हा खरी टंचाई वेळेची होती. हान सत्तरी ओलांडलेला. नवी इमारत म्हणजे देणगीदार, परवानग्या, बांधकाम, आणखी सहा-आठ वर्षं. उभ्या असलेल्या गढीत वीज, नळ, स्वयंपाकघर होतं, आणि गंमत म्हणजे मुबलक न्हाणीघरं. हर्स्टचा तो हास्यास्पद वाटणारा खर्च वसतिगृहाच्या दृष्टीनं भलताच कामाचा निघाला.

कोंडी फोडली एका देणगीदारानं. एडनमधले बडे व्यापारी अँटोनिन बेस यांचा मुलगा, तोही अँटोनिन बेस, यानं १९६० मध्ये सेंट डोनॅट्स ६५,००० पौंडांना विकत घेऊन संस्थेला देऊन टाकलं. त्याच्या वडिलांच्या देणगीतून ऑक्सफर्डचं सेंट अँटनीज कॉलेज उभं राहिलं होतं, तेव्हा शिक्षणाला दान ही घरातली रीत म्हणायची.

पहिला निर्णय: प्रमुख कोण

नव्या शाळेच्या 'कॉलेज' या नावाला शोभेल असा एखादा नामवंत प्राध्यापक आणायचा, हा मळलेला रस्ता. तो सोडून रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर यांना प्रमुख नेमलं गेलं. नौदलातला माणूस, आणि त्यातही इंजिनिअर. वर्ग चालवण्याचा अनुभव असणारे शिक्षक हाताखाली घेता येतात. पण हानला समुद्राची भीती आणि समुद्राचा आदर यांतला फरक कळणारा माणूस वर हवा होता. सप्टेंबर १९६२ मध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झालं. पहिल्या तुकडीत पन्नासच्या वर मुलगे. मुली नाहीत.

दुसरा निर्णय: समुद्राचं काय करायचं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळं प्रकरण या एका ठिकाणी वळलं.

ब्रिस्टल चॅनलमधला भरती-ओहोटीचा फरक जगातल्या मोठ्यांपैकी एक. गढीखालच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत पाणी दहा मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. मुंबईला उधाणात जी भरती येते तिच्या दुपटीच्या आसपास. पाणी चढतं तेव्हा प्रवाह जोराचा असतो. किनाऱ्याला चुनखडीचे थरांचे कडे, त्यांचे दगड अधूनमधून सुटून पडतात. खाली पुळण नाही, खडकाचे सपाट थर आणि गोटे. जवळच नॅश पॉइंटचं दीपगृह आहे, जहाजं फुटायची म्हणून १८३२ मध्ये बांधलेलं. अधिकृत लाइफबोट पूर्वेला बॅरीला, नाही तर दूर पश्चिमेला मम्बल्सला.

अशा किनाऱ्यावर शाळा काढणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. समुद्राकडचं फाटक बंद करायचं आणि मुलांना तटावरून लाटा दाखवायच्या. किंवा चांगल्या हवेत, शिक्षकांच्या नजरेखाली शिडाच्या होड्या फिरवायच्या आणि काही झालंच तर बॅरीला फोन करायचा. आजची बहुतेक साहस केंद्रं ही मधली वाट धरतात आणि त्यात गैर काही नाही.

होअर आणि हान यांनी तिसरी धरली. या किनाऱ्यावर कुणी बुडत असेल, कुणी कड्यावर अडकलं असेल, तर त्याला वाचवण्याचं काम कॉलेजच्या मुलांचं. सराव म्हणून नव्हे, प्रत्यक्ष. किनारा-रक्षण, कडा-बचाव आणि बोट, अशी पथकं पडली. हानचं म्हणणं असं की तरुणांमधली धडाडी युद्ध जसं खेचून घेतं तसं दुसरं काहीतरी खेचणारं हवं, आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्याइतकं ताकदीचं काही नाही. जर्मन, ब्रिटिश, नॉर्वेजियन मुलं एका दोराची दोन टोकं धरून उभी असली की त्यांना मैत्रीवर व्याख्यान द्यावं लागत नाही.

जोखीम उघड होती. अपघात झाला असता तर कॉलेज पहिल्याच वर्षात बंद पडलं असतं. आजच्या सुरक्षा नियमावलीत हा निर्णय कुठल्याही समितीनं मंजूर केला नसता. मीही सही केली नसती, हे कबूल करतो.

तिसरा निर्णय: बोट बदलायची

बचाव करायचा तर बोट हवी, आणि बोटीनं लगेच नाकी नऊ आणले. लाकडी बोट शिडाच्या हलक्या होडीला खेटली की होडीचं नुकसान. पाण्यातल्या माणसाला तर ती धोक्याचीच, शिवाय लाट आत आली की जड. मग हवेच्या रबरी बोटी आणल्या. आपल्याकडे पुराच्या वेळी जशा दिसतात तशाच. त्या माणसाला इजा करत नाहीत, पाणी भरलं तरी बुडत नाहीत. पण त्यांचा तळ कापडी. गोट्यांवरून रोज ओढून काढायच्या म्हटल्यावर तो घासून फाटायचा, आणि वेगात लाटेवर त्या कागदासारख्या फडफडायच्या.

तिथल्या कार्यशाळेत तळाला प्लायवूड चिकटवून पाहिलं गेलं. तळ टिकला. मग प्रश्न आला की सपाट लाकूडच का, लाट कापणारा तळ का नको? पुढची काही वर्षं होअर आणि मुलं एकामागून एक नमुने बांधत राहिली. मोडले, पुन्हा बांधले. हळूहळू आकार बसला: खाली पाचरीसारखा खोल, टणक तळ, वर भोवताली हवेच्या नळ्या. तळ पाणी कापतो. बोट कलली की नळी पाण्यावर टेकून तिला सावरते. आत आलेलं पाणी मागून निघून जातं. आणि बुडणाऱ्याच्या अंगाला लागते ती मऊ नळी. यालाच आज जगभर 'रिब' म्हणतात. तटरक्षक दलं, नौदलं, पाणबुडे, मोठ्या जहाजांवरची बचाव पथकं, सगळीकडे हीच बोट.

१९६९ च्या ब्रिटनला वळसा घालणाऱ्या मोटरबोट शर्यतीत विद्यार्थ्यांनी बांधलेली 'सायकेडेलिक सर्फर' नावाची अशी एक बोट उतरली आणि दणकट पट्टीच्या स्पर्धकांत शर्यत पुरी करून आली. नावावरून दशक ओळखता येतं.

या बोटीची बीजं कुठल्या प्रयोगशाळेत पडली नाहीत. गढीसमोरचा किनारा सोयीचा, वाळूचा असता तर कापडी तळ वर्षानुवर्षं चालला असता आणि कुणाला काही सुचलं नसतं. आणि मुलांना फक्त शिकाऊ म्हणून ठेवलं असतं तर फाटलेली बोट दुरुस्तीला पाठवून ती वर्गात गेली असती. आपल्यालाच उद्या या बोटीतून कुणाच्या तरी मागे जायचं आहे, हे माहीत असल्यामुळे त्यांनी हातात करवत घेतली.

चौथा निर्णय: मुली, आणि अभ्यासक्रम

१९६७ मध्ये मुलींना प्रवेश मिळाला. बचाव पथकात त्या असाव्यात का, यावर कुजबुज झालीच असणार. उत्तर दोन वर्षांत मिळालं. १९६९ मध्ये नॉर्वेहून आलेली अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी आरएनएलआय या ब्रिटिश लाइफबोट संस्थेच्या किनारी बचाव बोटीचं नेतृत्व करायला पात्र ठरलेली पहिली स्त्री झाली. १९७१ मध्ये कॉलेजनं ब्रिटिश 'ए लेव्हल' सोडून इंटरनॅशनल बॅकलॉरिएट पूर्णपणे स्वीकारलं. तो अभ्यासक्रम तेव्हा नवाकोरा होता, विद्यापीठं त्याला मानतील की नाही याची खात्री नव्हती. समुद्राइतकाच हाही जुगार, फक्त कुणाचे कपडे भिजले नाहीत.

परिणाम

आरएनएलआयनं ही बोट उचलली. १९७२ पासून सेवेत आलेल्या तिच्या एकवीस फुटी बोटींच्या वर्गाला नाव दिलं गेलं 'अटलांटिक २१', कॉलेजच्या नावावरून. पुढच्या पिढ्यांनाही तेच नाव चिकटलं: अटलांटिक ७५, अटलांटिक ८५. होअर यांनी आपलं पेटंट आरएनएलआयला एका पौंडात देऊन टाकलं.

कॉलेज वाढलं. 'युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस' अशी साखळी तयार झाली. लॉर्ड माउंटबॅटन तिचे अध्यक्ष झाले, नंतर प्रिन्स चार्ल्स. आज साखळीत अठरा शाळा-कॉलेजं आहेत. त्यांतलं एक आपल्याकडे, पुणे जिल्ह्यात पौडजवळच्या टेकडीवर, १९९७ पासून. महिंद्रा कुटुंबाच्या पाठबळानं उभं राहिलेलं, वास्तुरचना ख्रिस्तोफर बेनिंजर यांची. मुळशी-मावळात किल्ल्यांना तोटा नाही, तरी तिथे सगळं नव्यानं बांधलं गेलं आणि मुलांना बाहेर काढण्यासाठी समुद्राच्या जागी आसपासची गावं आली.

सेंट डोनॅट्सची गढी अजून उभी आहे, वरच्या श्रेणीची संरक्षित वास्तू म्हणून. वसतिगृहं आवारात नवी बांधली. ज्या ब्रॅडेनस्टोक हॉलवरून एवढा गदारोळ झाला तो कॉलेजच्या कार्यक्रमांना वापरला जातो. गढीचं जुनं धान्यकोठार कलाकेंद्र झालं. स्पेनची भावी राणी आणि नेदरलँड्सचा आताचा राजा इथेच शिकले, त्यामुळे वर्तमानपत्रांना अधूनमधून या गढीची आठवण होते.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रॅडेनस्टोकचा मठ वाचायला हवा होता, हे उघडच आहे. कॅलिफोर्नियाला गेलेलं कोठार मठाचं कोठार म्हणून पुन्हा उभं राहिलंच नाही. हर्स्टच्या वायफळ खर्चाचा शाळेला फायदा झाला म्हणून तो खर्च शहाणपणाचा ठरत नाही.

मुलींना पहिल्या दिवसापासून घेता आलं असतं. पाच वर्षं कशासाठी थांबले, याचं "तेव्हा तसंच होतं" यापेक्षा चांगलं कारण मला दिसत नाही.

पेटंटबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे झुकतं. ती रक्कम नीट मागितली असती तर जुन्या छतांची चिंता कितीतरी कमी झाली असती. पण पेटंट हातात धरून ठेवलं असतं तर लाइफबोट संस्थेनं, आणि मागोमाग इतरांनी, ही बोट एवढ्या झपाट्यानं स्वीकारली असती का? गढी विकत घेणाऱ्याला ६५,००० पौंड लागले. ती कोरडी ठेवण्याचा खर्च मात्र दरवर्षी नव्यानं येतो, आणि आपल्याकडच्या गढीवाल्यांच्या हिशोबात नेमका हाच रकाना रिकामा असतो.

शेवटचा मुद्दा बोटीचाच. २०१३ मध्ये कॉलेजमधलं, मुलं चालवत असलेलं आरएनएलआयचं बचाव केंद्र बंद झालं. एव्हाना शेजारच्या केंद्रांकडे जलद बोटी होत्या, आणि त्या बोटींचा जन्म कॉलेजच्याच स्लिपवेवरचा, म्हणजे बोटी पाण्यात सोडायच्या उतरणीवरचा. मुलं दोन वर्षांत निघून जातात, दरवर्षी अर्धं पथक कच्चं असतं. पन्नास वर्षांपूर्वी जे कुणीच करत नव्हतं ते आता व्यावसायिक शिस्तीनं होऊ लागलं होतं. केंद्र मुलांच्या हातात ठेवण्याचा हट्ट धरावा की नवं, तितकंच खरं काम शोधावं, असे दोनच मार्ग होते. कॉलेजची मुलं अजूनही पाण्यात उतरतात, होड्या चालवतात, बुडणाऱ्याला वाचवायचं शिकतात. फरक एवढाच की आता त्या किनाऱ्यावर कुणी अडकलं तर हाक दुसरीकडे जाते.